काटकसर आणि चालढकल : गाडीच्या निमित्ताने



मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता गाडीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही काही मेकॅनिक नव्हे. पण बरीच वर्षं गाडी चालवली, इथे थळला खाऱ्या वाऱ्यात ठेवली, आणि काटकसर कशाला म्हणायचं हे एकदा चांगलंच घाबरून शिकलो. तेवढंच आज सांगायचं आहे.

पुण्याहून परतताना बोरघाट उतरत होतो. शेजारी आमची सौभाग्यवती, मागे नातवंडं. उतारभर ब्रेकवर पाय. निम्म्या घाटात पेडल मऊ लागलं. पाय खोल जायला लागला आणि गाडी हवी तशी थांबेना. गिअर खाली आणला, हँडब्रेक जपून ओढत कशीबशी कडेला घेतली. नंतर कळलं, ब्रेक ऑइल पाच वर्षं बदललेलं नव्हतं. दर वेळी "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणत आम्ही काही शे रुपये वाचवले होते!

हे का होतं, ते समजून घेऊ. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल मुरली की ते कमी तापमानाला उकळतं. सतत ब्रेक दाबल्याने उष्णता वाढते, नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. हे ऑइल साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, बदलावं. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिनच गाडीला आवरून धरतं, ब्रेक तापत नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की खर्च वाचवणं वेगळं आणि खर्च पुढे ढकलणं वेगळं. पहिली काटकसर, दुसरी चालढकल.

आपल्या थळच्या किनाऱ्यावर बघा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा कोळी बांधव होड्या वर ओढतात, डागडुजी करतात, रंग देतात. त्याला कोणी वायफळ खर्च म्हणत नाही. त्याच खाऱ्या हवेत आपली गाडीही उभी असते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि ही क्रिया वेगाने होते. म्हणून गाडी वाळूत नेऊच नये. गेलीच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी, आणि नुसती वरून नाही, खालूनही. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. ती पाचोळ्याने बुजली तर पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं आच्छादन घालू नये, ओल कोंडते. पावसाळ्याआधी खालच्या भागाला गंजरोधक लेप द्यावा, वायपरचे रबर बघावेत, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी साफ करून घ्यावी.

आता पेट्रोल. टाकी पूर्ण भरा, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणा, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरा. चाललेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरने भागा. तुमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज हे. समजा वर्षाला 10,000 किलोमीटर चालवता आणि ॲव्हरेज 16 आहे. 625 लिटर लागतं. तेच 17.5 झालं तर 571. हिशोबापुरता 100 रुपये भाव धरला, तर वर्षाचे पाच हजारांवर रुपये राहतात.

ते कसं व्हायचं? टायरमधली हवा महिन्यातून दोनदा, गाडी फार चालण्याआधी, टायर थंड असताना बघा. किती हवी तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, इंजिनाला जोर जास्त लागतो आणि टायरही कडेने झिजतो. एअर फिल्टर आणि इंजिन ऑइल वेळेवर बदला. आणि वेग आवरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. वडखळच्या रस्त्याला जो आपल्याला घाईने मागे टाकतो, तो पुढच्या नाक्यावर भेटतोच की! मुंबईला एकट्याने जायचं असेल, तर गाडी मांडव्यालाच ठेवून बोटीने जाता येतं का, तेही बघावं.

विम्याबद्दल दोन शब्द. वर्षभर दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते, सलग पाच वर्षांनी ती 50 पर्यंत जाते. म्हणून किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्याआधी आकडेमोड करा. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी आत गेलं असेल तर इंजिन फुटतं, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा धरलं जात नाही.

मिलिंद राजाची गोष्ट आम्ही वर्गात सांगत असू. राजा रथातून आला. भिक्षू नागसेनांनी विचारलं, "आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का?" राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. सगळे भाग जुळून येतात, त्याला आपण रथ हे नाव देतो. गोष्ट शिकवली खरी, पण घाटात उभं राहिल्यावर तिचा दुसरा अर्थ लागला. "ते नुसतं ऑइल", "ती नुसती हवा" असं म्हणत एकेक बाजूला सारलं, तर ज्या गाडीत आपण नातवंडं बसवली, ती उरते कुठे?

तेव्हा गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवा. पेट्रोल, हवा, ऑइल, ब्रेक ऑइल, बॅटरी : तारीख आणि किलोमीटर लिहा. आमच्या वहीतलं पहिलं पान त्या घाटानंतरच्या आठवड्यातलं आहे. तुम्ही ते आधीच लिहा.

आता प्रश्न घेऊ.