टोल, ट्रक आणि टनाचा हिशेब

कोल्हापुरात टोलच्या बाजूने चार शब्द बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे काम आयआरबी कंपनीला दिले गेले. महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी यांच्यात करार झाला आणि ३० वर्षे टोल वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे गेला. शिरोली, फुलेवाडी, कळंबा अशा शहराच्या वेशींवर नाके उभे राहिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसे आंदोलनाच्या पुढे होती. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने हा टोल कायमचा बंद करत असल्याचे जाहीर केले. ते पाहायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती.

तो लढा एका वाईट कराराविरुद्ध होता आणि तो रास्त होता, असे माझे मत आहे. घरातून मंडईत जायला पैसे मोजायचे, तेही अपुऱ्या कामासाठी, हे कुठल्याच शहराने सोसले नसते. पण लढा जिंकताना काही समजुतीही पक्क्या झाल्या, आणि आज अवजड वाहनांकडून रस्त्याचा मोबदला घ्यावा का, किती घ्यावा, बदल्यात त्यांना काय द्यावे, हा प्रश्न निघाला की त्याच समजुती आडव्या येतात.

‘टोल गेला, रस्ता फुकट झाला’

रस्ता फुकट झाला नाही, फक्त पैसे भरणारा बदलला. कंपनीची भरपाई सरकारने पत्करली आणि तिचा आकडा साडेचारशे कोटी रुपयांच्या घरात गेला. हे पैसे राज्याच्या तिजोरीतले, म्हणजे ज्याने कोल्हापूर कधी पाहिलेही नाही अशा गडचिरोलीच्या माणसाचेही. शिरोली एमआयडीसीतून बारा महिने कास्टिंग भरून निघणारा ट्रक आणि दसऱ्याला जोतिबाला जाण्यापुरती बाहेर निघणारी मोटार, दोघांचा वाटा त्यात सारखाच धरला गेला. रस्त्याचा खर्च कुणाला तरी द्यावाच लागतो. तो वापरणाऱ्याने द्यायचा की सगळ्यांनी मिळून, एवढेच ठरवायचे असते.

‘ट्रकवाला आधीच मोटारीच्या साडेतीन पट भरतो, आणखी काय पाहिजे?’

सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

राष्ट्रीय महामार्गावरचे दर २००८ च्या शुल्क नियमांवरून ठरतात. त्यातले पायाभूत दर, २००७-०८ सालचे, दर किलोमीटरला असे आहेत : मोटारीला ६५ पैसे, दोन ॲक्सलच्या ट्रकला २ रुपये २० पैसे, तीन ॲक्सलला २ रुपये ४० पैसे, चार ते सहा ॲक्सलला ३ रुपये ४५ पैसे. दरवर्षी त्यात ३ टक्के ठरलेली वाढ आणि घाऊक महागाईच्या ४० टक्के वाढ मिळवली जाते. ट्रक आणि मोटार यांच्यातले गुणोत्तर मात्र तेच राहते.

आता रस्ता कसा खराब होतो ते बघा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात एक मोठी चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा आजही जगभर वापरतात : एका ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होते. नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढते. रस्त्याची जात, माती, पाणी यांप्रमाणे हा घात थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा तीच.

कोल्हापूरच्या भाषेत सांगायचे तर सहा चाकी ट्रकच्या मागच्या ॲक्सलला २०१८ पासून कायद्याने साडेअकरा टन चालतात, आधी १०.२ टन चालत. त्यावर पंधरा टन भार आला, तर वजन तीस टक्के वाढले आणि रस्त्याचे नुकसान जवळपास तिप्पट झाले. मोटारीच्या ॲक्सलवर सातशे किलो धरले, तर साडेअकरा टनांचा ॲक्सल तिच्यापेक्षा सत्तर हजार पटींहून अधिक झीज करतो. म्हणजे साडेतीन पट टोल झिजेच्या हिशेबात काहीच नाही.

यावरून ‘मग ट्रककडून सत्तर हजार पट घ्या’ असा निष्कर्ष काढणारा रस्त्याचा अर्धाच हिशेब मांडतो. जमीन, पूल, गटारे, दुभाजक, दिवे यांचा खर्च वजनावर फारसा अवलंबून नसतो. सहापदरी रस्ता लागतो तो मुख्यतः गर्दीमुळे, आणि गर्दीत मोटारींचा वाटा मोठा. झीज ट्रकची आणि रुंदी सगळ्यांची, अशी विभागणी केली तर साडेतीन-चार पट हा आकडा तितका विचित्र राहत नाही. खरी खोट दुसरीकडे आहे. आपण पैसे घेतो ॲक्सल मोजून, नुकसान होते ॲक्सलवरच्या वजनाने. तीन ॲक्सलचा दहा चाकी ट्रक कायद्याने २८.५ टनांपर्यंत, तर सहा चाकी १८.५ टनांपर्यंत चालतो आणि दोघांच्या पायाभूत दरात फरक फक्त वीस पैशांचा. हे चांगले आहे, कारण जास्त चाकांवर वाटलेला माल रस्त्याला सोसतो. पण त्याच मालासाठी चौथा ॲक्सल लावणाऱ्याला दर एकदम ३.४५ वर जातो. रस्ता वाचवणारा जास्त भरतो आणि सहा चाकीवर दाबून माल भरणारा कमी.

ओव्हरलोड का होतो हे ट्रक अड्ड्यावर कुणीही सांगेल. भाडे टनावर ठरते. कास्टिंग, पिग आयर्न, फाउंड्रीची वाळू हा सगळा वजनदार माल. गाडीचा हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि काट्यावर पासिंगचे वजन केव्हाच ओलांडलेले असते. त्यात हमाली आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च) गाडीमालकाच्या माथी मारण्याचा जुना रिवाज, म्हणजे भाड्यातून आणखी कपात. दोन टन जादा भरल्याशिवाय फेरी परवडत नाही, हे रडगाणे खोटे नाही. मात्र त्या दोन टनांचा खर्च गाडीमालक भरत नाही, कारखानदारही भरत नाही. पावसाळ्यानंतर तो खड्ड्यांच्या रूपाने सगळ्यांच्या वाट्याला येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही असेही कायदा म्हणतो. मग ओव्हरलोड गाडी शिरोलीपासून पुण्यापर्यंत पोचते कशी, हे वाचकांनीच ओळखावे.

‘रोड टॅक्स भरतो, डिझेलवर कर देतो, वर पुन्हा टोल म्हणजे दुहेरी कर’

तक्रार समजण्यासारखी आहे, पण तिन्ही आकारण्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. मालवाहू गाडीचा राज्याचा कर तिच्या नोंदलेल्या वजनावर ठरतो. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात महिनाभर उभी राहणारी आणि दर आठवड्याला बंगळूरला जाऊन येणारी, दोन्ही गाड्यांना तो सारखाच. डिझेलवरचा कर अंतराबरोबर वाढतो खरा, पण तीस टक्के जादा भरलेली गाडी थोडे जास्त डिझेल पिते आणि रस्ता तिप्पट झिजवते. हा फरक डिझेलच्या पंपावर वसूल होत नाही.

जकातीशी टोलची सरमिसळही बरीच होते. कोल्हापुरात २०११ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, पुढे तीही गेली आणि जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. हे सगळे मालावरचे कर. जीएसटी आल्यावर नाके संपतील असे बऱ्याच जणांना वाटले होते, पण रस्ता वापरण्याचा मोबदला जीएसटीत कधीच विलीन झाला नाही.

‘ट्रकचा टोल वाढला की भाजी महागते’

गणित करून पाहू. कोल्हापूरचा गूळ गुजरातला जातो. सोळा टन गुळाच्या एका फेरीला, समजा, ४ हजार रुपये टोल लागला, तर किलोमागे पंचवीस पैसे होतात. गुळाच्या भावात ते सापडणारही नाहीत. पण हेच ४ हजार रुपये गाडीमालकाच्या एका फेरीच्या नफ्यातले असतील तर फार मोठे आहेत. भाडे व्यापारी ठरवतो, टोल मालक भरतो, आणि परतीचे भाडे मिळाले नाही तर रिकाम्या गाडीचाही टोल जातो. टोल ग्राहकावर गेला असता तर कुणाला कळलाही नसता. तो मध्येच अडकतो, म्हणून दुखतो.

‘बाहेरच्या देशांत ट्रकला असा भुर्दंड नसतो’

असतो, आणि आपल्यापेक्षा जास्त काटेकोर असतो. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २००१ पासून साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालवाहू गाडीला वजन, अंतर आणि धूर या तिन्हींवर आकारणी लावली. त्याआधी १९९८ मध्ये लोकांनी मतदान करून तिला मान्यता दिली होती. वाहतूकदारांना बदल्यात काय मिळाले, ते आपल्याकडे कुणी सांगत नाही. तिथे २८ टनांची मर्यादा आधी ३४ आणि २००५ मध्ये ४० टनांवर गेली. जास्त पैसे, पण कायदेशीर जास्त माल. वसुलीचा एक तृतीयांश भाग प्रांतांना आणि उरलेला मुख्यतः रेल्वेच्या मोठ्या बोगद्यांना. न्यूझीलंडमध्ये १९७८ पासून अवजड गाडीला किलोमीटर आधीच विकत घ्यावे लागतात आणि दर वजन व ॲक्सल मिळून ठरतो. तेच वजन जास्त ॲक्सलवर वाटले तर दर उतरतो. आपल्या तक्त्यात नेमके हेच नाही.

आपल्याकडे उलटी गंमत आहे. १ जून २०१५ पासून राज्यातले १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटी यांना सूट मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. म्हणजे तिथे आता फक्त अवजड वाहने भरतात. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही, पण हा निर्णय झिजेचा हिशेब मांडून झाला नाही, मोटारवाल्यांची मते मोजून झाला. ट्रकवाल्याला बदल्यात ना तळ मिळाला, ना स्वच्छतागृह, ना शहरात शिरण्याची ठरलेली वेळ.

उसाच्या ट्रॅक्टरचेही बोलायला हवे. राष्ट्रीय महामार्गाच्या नियमांत ट्रॅक्टरला सर्वसाधारणपणे टोल नाही. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे निघालेली रांग पाहिली की ही सूट नांगरणीच्या ट्रॅक्टरसाठी असावी असे वाटते. जिल्ह्याच्या राजकारणात तिला हात लावणारा कुणी जन्मला नाही.

‘पैसे भरले की सेवा मागता येत नाही’

मागता येते, आणि न्यायालयेही आता तसे म्हणू लागली आहेत. केरळच्या पालियेक्करा नाक्यावर रस्त्याच्या दुरवस्थेमुळे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये वसुली थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. आपल्याकडे महामार्गाचे सातारा-कागल सहापदरीकरण रेंगाळल्यावर त्यावरच्या किणी नाक्यावर आंदोलने झालीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि ट्रकांच्या रांगा दिवसचे दिवस उभ्या राहिल्या. चालकांना जेवण दिले ते आसपासच्या गावांनी. टोल घेणाऱ्या रस्त्याने पुरात काय द्यायचे, हे करारात लिहिलेले असायला हवे. वाहतूकदारांच्या संघटनांनी दर कमी करा म्हणण्याऐवजी हे मागितले, तर त्यांची बाजू जास्त भक्कम होईल.

‘सवलती फक्त मोटारींना’

१५ ऑगस्ट २०२५ रोजी ३ हजार रुपयांत सुरू झालेला २०० फेऱ्यांचा वार्षिक पास खासगी मोटारींसाठीच आहे, ट्रकला तो मिळत नाही. पण २००८ च्या नियमांतल्या दोन सवलती ट्रकलाही आहेत. २४ तासांत परतलात तर जाऊन-येऊन दीडपटच टोल लागतो. आणि मासिक पासात ५० एकेरी फेऱ्या दोन तृतीयांश दराने मिळतात. रोज कागलहून माल घेऊन किणी नाका ओलांडणाऱ्या आणि त्याच दिवशी परतणाऱ्या गाडीला महिन्यातल्या तेविसाव्या परतफेरीपासून मासिक पास स्वस्त पडतो. बाविसाव्यापर्यंत रोजचा दीडपट दरच बरा.