भातशेतात रुतलेलं जहाज

पश्चिम कंबोडियातल्या बाटडंबांग शहरातून पैलिनच्या रस्त्याला लागलं की नजर जाईल तिथवर भातशेतं. साधारण १२ किलोमीटरवर या सपाटीतून चुनखडीचा एक लांबट डोंगर एकदम वर येतो. त्याचं नाव फ्नॉम साम्पोव. ख्मेर भाषेत फ्नॉम म्हणजे डोंगर, साम्पोव म्हणजे जहाज.

भर शेतात जहाज आलं कुठून?

लोककथेत एक राजपुत्र रुमसाय सोक या तरुणीला सोडून दुसरीशी लग्न करायला जहाजाने निघतो. रुमसाय सोकची पाळीव मगर त्या जहाजावर चालून जाते. तिला भुलवायला खलाशी कोंबड्यांचं खुराडं पाण्यात टाकतात, मग बदकांचं. मगर बधत नाही. अखेर रुमसाय सोक केस मोकळे सोडते (तिच्या नावाचा अर्थच तो) आणि समुद्र ओसरतो. जहाज रुततं, मगर कोरडी पडून मरते. आजूबाजूच्या टेकड्यांची नावं हीच कथा पुढे सांगतात: फ्नॉम क्रपेउ ही मगर, फ्नॉम त्रुंग मोआन हे कोंबड्यांचं खुराडं आणि फ्नॉम त्रुंग तिआ हे बदकांचं.

गंमत अशी, की कथेतला समुद्र अगदीच हवेतला नाही. ही चुनखडी कोट्यवधी वर्षांपूर्वी सागरतळाशीच तयार झाली. शिवाय पाण्याचं चढणं-ओसरणं इथल्या माणसाला दरसालचं. पावसाळ्यात मेकाँगचं पाणी उलटं शिरून तोन्ले साप सरोवर ५-६ पट पसरतं आणि पुढे आटतं.

बाटडंबांग हे नावही एका वेगळ्या लोककथेतलं. त्याचा अर्थ 'हरवलेली काठी'. एका गुराख्याने क्रान्हुंग लाकडाच्या काठीने भात ढवळला, तो काळा झाला. तो खाऊन गुराख्याला अचाट बळ आलं आणि तो राजा बनला. पुढे शत्रूवर फेकलेली ती काठी हरवली. क्रान्हुंग हे आपल्या शिसवीच्या कुळातलं झाड.

डोंगरावरच्या गुहांना एक काळा इतिहासही आहे. ख्मेर रूजच्या राजवटीत (१९७५-७९) माणसांना मारून इथे ढकललं गेलं. आता तिथे स्मारक आहे.

पाहायला जायचं तर दुपार कलल्यावर जावं. सूर्यास्ताच्या सुमारास पायथ्याजवळच्या गुहेतून लाखो वटवाघळं निघतात आणि भाताची कीड खायला शेतांवर पसरतात. त्यांची विष्ठा गावकरी खत म्हणून गोळा करतात.