लांबच्या वाटेने लवकर

कॅलिफोर्नियात मुलगा किंवा मुलगी असलेल्या आईवडिलांना ‘सॅन फ्रान्सिस्को किती लांब?’ असे विचारले, तर उत्तर तासांत मिळते. किलोमीटर सहसा कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी त्यांवरून तास काढता येतीलच असे नाही. दिल्लीहून युरोप-अटलांटिकमार्गे तिकडे जाणारे विमान एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६मध्ये उलट दिशेने, जपान आणि पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले. वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला.

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो या दोन्ही वाटांवर पडत नाही. तो तिबेट, सैबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्कावरून जातो. लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर. पण तिबेट विमाने टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला झटपट सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते, आणि तिथे जमीनच ४,००० मीटरच्या वर आहे.

मग लांबची वाट लवकर कशी संपते? पृथ्वी खालून फिरते म्हणून, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. ते खरे नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते. कारण आहे ते नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या वाऱ्याचे, ‘जेट स्ट्रीम’चे. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर वेग हवेच्या तुलनेतला असतो. पाठीशी १५० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरून तो १,०५० होतो, समोरून असेल तर ७५०.

या वाऱ्याचा शोध वाङ्मयाच्या वाचकाने ऐकावा असा आहे. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात तातेनो येथून फुगे सोडून तो मोजला. जगाने वाचावे म्हणून अहवाल लिहिला एस्परान्तोत. साहजिकच जगाने तो वाचला नाही. १९४४मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हाच वारा अनपेक्षित भेटला.

जाताना पॅसिफिक आणि येताना अटलांटिक अशी वाट धरली, तर वारा दोन्ही वेळा पाठीशी राहतो आणि पृथ्वीप्रदक्षिणाही घडते.

वाऱ्याखेरीज परवानगी हवी. २०१९मध्ये पाकिस्तानचे आकाश साडेचार महिने बंद राहिले आणि दिल्लीहून पश्चिमेकडचे प्रवास लांबले. २०२२पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचे आकाश बंद आहे. भारतीय कंपन्यांना खुले राहिले. म्हणूनच ६ जून २०२३ रोजी एका इंजिनात बिघाड झालेले दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान रशियातल्या मगादानला उतरू शकले. दोनशेहून अधिक प्रवासी तिथे अडकले. दुसरे विमान मुंबईहून पाठवावे लागले, आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचेपर्यंत तिथे ८ जून लागला होता.