रोगाचे मूळ कोठे? डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न



उभ्या धानाच्या बांधीत लाखोळी फेकण्याचा रिवाज आपल्या भागात जुना आहे. वेगळी नांगरट नको, पाणी नको. जमिनीतील ओलीवर पीक निघते आणि गुरांना चाराही होतो. हिलाच कोणी तिवडा म्हणतात, रीवाकडे खेसरी म्हणतात. गरिबाच्या या पिकाने अनेक गरिबांचे पाय मात्र कायमचे अधू केले आहेत.

या दाण्यात मज्जासंस्थेला अपाय करणारे एक द्रव्य असते. इतर धान्याबरोबर थोडी लाखोळी खाल्ल्याने सहसा अपाय होत नाही. परंतु दोन-तीन महिने जेवणात मुख्यतः तीच असली, तर पाय ताठरतात, चाल अडखळते, काठी घ्यावी लागते आणि काहींना अखेर सरपटावे लागते. गेलेली शक्ती औषधाने परत येत नाही.

१९६१ साली केंद्र सरकारने खेसरीच्या विक्रीस बंदी करणारा नियम केला. पण रीवातील बंधक मजूर ती विकत आणीत नव्हता. मालक त्याला मजुरीच खेसरी मिसळलेल्या धान्यात देत असे. मग हा रोग दाण्याचा म्हणावा की मजुरीचा?

असे प्रश्न विचारणारे काही तरुण डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी १९७४ साली एकत्र आले. जयप्रकाश नारायण यांच्या विचारांची त्यांच्यावर छाप होती. आपल्या मंडळास त्यांनी ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ असे नाव दिले. आपले शिक्षण शहरातील मोठ्या इस्पितळासाठी होते, आणि आजारी माणसे तर खेड्यांत पडून आहेत, ही त्यांची बोच होती. १९७६ पासून त्यांनी एक पत्रिका चालविली. तिच्यात खेसरीचाही विषय आला.

त्यांच्यापैकीच डॉ. अभय बंग यांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातील शेतमजुरीचा सरकारी हिशेब तपासला. दिवसभर राबणाऱ्या माणसाला किती अन्न लागते, हे मोजून त्यांनी दाखविले की मजुरी ४ रुपये नव्हे, सुमारे १२ रुपये हवी. पोट भरेल अशी मजुरी हेही औषधच, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

डिसेंबर १९८४ मध्ये आपल्याच राज्यात भोपाळला विषारी वायू सुटला. मार्च १९८५ मध्ये या मंडळाच्या लोकांनी तेथे जाऊन कारखान्याजवळची एक वस्ती आणि दूरची एक वस्ती यांतील लोकांची तपासणी केली व दोहोंची तुलना मांडली. पीडितांचे दुखणे खरे आहे, हे पुराव्याने सांगणे ही सुद्धा सेवाच होय.

आता आपल्याकडे पाहू. संत याकोबाने आपल्या पत्रात मजुरी अडवून ठेवणाऱ्यांना खडसावले आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात न्याय्य मजुरीचा आग्रह धरला. आपल्यापैकी काही जण मजुरी करतात, तर काही रोवणी-कापणीला मजूर लावतात. दोघांनीही पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मजुरी लाखोळीत देऊ नये, घेऊही नये. ती पुरी आणि वेळेवर द्यावी.

२. लाखोळी रोजचे मुख्य अन्न करू नये. टंचाईच्या दिवसांत तर विशेष जपावे.

३. खायचीच असल्यास गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकावे, मग भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी काढून टाकावे. अपाय कमी होतो, पण पुरता जात नाही.

४. पेरायला रतन, प्रतीक किंवा महातिवडा या कमी विषाच्या जातींचे बियाणे कृषी खात्याकडे मागावे.

५. पाय जड किंवा ताठ वाटू लागताच लाखोळी बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

आणि तुमच्या घरचे कोणी डॉक्टरी वा परिचर्या शिकत असेल, तर त्याला एवढे जरूर सांगा: रोग्याची नाडी पाहशील तेव्हा त्याला मजुरी काय मिळते, तेही विचार.