वडिलांच्या घरावर मजला चढवताना

मुलाचे लग्न ठरले की घरात खोलीचा प्रश्न उभा राहतो. कोल्हापुरात सदर बाजार, यादवनगर, अकबर मोहल्ला अशा वस्त्यांतून आमच्या समाजाची बरीच घरे वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची, दोन-तीन खोल्यांची आहेत. एक सून येईपर्यंत कसेबसे निभावते. दुसरी यायची वेळ झाली की गवंड्याला बोलावणे जाते, तो भिंतीवर हात मारून "चढवा बिनधास्त" म्हणतो आणि घरातील कर्ता पुरुष पैशाच्या मागे लागतो. या घाईत दोन हिशेब मांडायचे राहून जातात. घराला किती ओझे पेलेल हा पहिला, आणि चढवलेला मजला कोणाचा हा दुसरा. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, इंजिनिअर किंवा वकील नाही. पण हे दोन्ही हिशेब व्यापाऱ्याला समजण्यासारखेच आहेत.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आहे त्या घरातच आडोसा करणे. मोठी खोली असेल तर प्लायची किंवा हलक्या ब्लॉकची मधली भिंत घालून दोन खोल्या होतात, उंची असेल तर माळा निघतो. वर्ष-दोन वर्षांची अडचण भागवायला एवढे पुरे होते. फक्त जुन्या घरात, जिथे कॉलम-बीम नसून भिंतीच छत पेलतात, तिथे भिंत पाडून खोली मोठी करण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसरा उपाय परसात किंवा बाजूच्या बोळात खोली काढण्याचा. ही जागा मोकळी दिसते, पण ती उजेड, वारा आणि ड्रेनेजसाठी सोडलेली असते. तिथे छत टाकले की आतल्या खोल्या कायमच्या अंधाऱ्या होतात आणि शेजाऱ्याशी वाकडे येते ते वेगळेच. पंचगंगेच्या बाजूच्या वस्त्यांत तर खालच्या बांधकामावर खर्च करण्यापूर्वी २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांत पाणी कोठवर आले होते, ते आठवावे. पाटबंधारे खात्याने पुराच्या दोन रेषा आखल्या आहेत. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, दोन रेषांच्या मध्ये जोत्याच्या उंचीसारख्या अटी आहेत. आपले घर कोठे पडते हे महापालिकेच्या नगररचना विभागात आधी विचारून घ्यावे. अशा वस्तीत वरची खोली हीच कामाची. पुरात माणसे आणि दुकानदार असेल तर त्याचा मालही तीच वाचवते.

आता मजल्याकडे येऊ. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस फुटास सुमारे २९ किलो भरते. ५०० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे साडेचौदा टन. कापसाची गाठ १७० किलोची धरली तर ८५ गाठी घराच्या डोक्यावर कायमच्या रचून ठेवल्यासारखे झाले. शिवाय नऊ इंची विटेची दहा फूट उंच भिंत दर धावत्या फुटास सुमारे ४०० किलो भरते आणि हजार लिटरची पाण्याची टाकी एक टनाची. हे ओझे मातीत बांधलेल्या दगडी किंवा कच्च्या विटांच्या भिंतींवर टाकणे म्हणजे घरातल्या माणसांचा जीव पणाला लावणे होय. उलट पत्रा आणि लोखंडी नळ्यांचे छत चौरस फुटास एक-दीड किलोत बसते. हलक्या ब्लॉकच्या भिंतींचे वजन विटेच्या भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच असते. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये उकडते आणि आमच्याकडच्या पावसात त्याचा आवाज बोलू देत नाही. पण जुन्या घरावर वाढ करायचीच असेल तर बहुधा तोच मार्ग उरतो, तोही इंजिनिअरने भिंती पाहून हो म्हटल्यावर.

ज्यांचे घर कॉलमचे आहे त्यांचाही एक गैरसमज आहे. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळया सोडलेल्या दिसतात, त्यावरून घर दोन मजल्यांचे ठरवले आहे असे धरून चालतात. सळया सोडायला पाच मिनिटे लागतात. पाया किती खोल आणि किती रुंद घेतला, हे त्या सांगत नाहीत. शिवाय पंधरा-वीस पावसाळे उघड्यावर राहिलेल्या सळया गंजून बारीक झालेल्या असतात. म्हणून एका कॉलमशेजारी खड्डा घेऊन पाया उघडा करून पाहावा, काँक्रीटची ताकद हातोड्याच्या यंत्राने तपासून घ्यावी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्यावा. त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते. आमच्यातले लोक हॉलच्या सजावटीला हात आखडत नाहीत आणि नेमकी हीच फी वाचवतात.

खर्चाचा अंदाज असा. हिशेबापुरता चौरस फुटास २,००० रुपये दर धरू. खरा दर साहित्यावर आणि ठेकेदारावर अवलंबून राहील. ५०० चौरस फुटांचे दहा लाख झाले. त्यात जिना, स्वतंत्र संडास-बाथरूम, टाकी, नळ-ड्रेनेजची जोडणी, वीजमीटर आणि नकाशा-मंजुरीची फी धरली की आकडा बारा लाखांवर जातो. घरात पडद्याची रीत असेल तर जिना बाहेरून हवा, मग जागा आणि पैसा दोन्ही आणखी लागतात. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा थोडा दिलासा आहे. काम टप्प्याने करायचे असेल तर पहिल्या टप्प्यात कॉलम, स्लॅब आणि बाहेरच्या भिंती घ्याव्यात. साधारण निम्मा पैसा तिथेच जातो. फरशी, दारे, रंग हे पुढच्या वर्षीही होते. स्लॅब मात्र मेच्या मध्यापूर्वी पडलाच पाहिजे, जूनमध्ये कोल्हापूरचे आभाळ कोणाची वाट पाहत नाही.

परवानगीबाबत लोकांत अर्धवट माहिती पसरली आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. तीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या प्लॉटवरील घरांना सवलत मिळाली. तिचा अर्थ कागदच लागत नाही असा नव्हे. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीचा नियमात बसणारा नकाशा दाखल करून शुल्क भरावे लागते आणि त्या पावतीवर काम सुरू करता येते. ज्यांचा प्लॉट गुंठेवारीचा आहे, त्यांनी आधी तो नियमित करून घ्यावा. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. त्यानंतरच्या बांधकामाला ती लागू नाही.

पैसा कोठून आणावा? व्याजाचे कर्ज टाळणाऱ्यांपुढे वाटा मोजक्याच आहेत. बिनव्याजी बँकिंगचा विचार पुढे नेणार नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्पष्ट केले. उरली स्वतःची बचत, घरातले सोने, नातलगांचे कर्जे हसना आणि आमच्या गावाची आवडती भिशी. वीस जण दरमहा दहा हजार घालत असतील तर एकाच्या हाती दोन लाख पडतात. चिठ्ठीने निघणारी भिशी ठीक. लिलावाच्या भिशीत गरजवंत कमी रकमेवर भिशी उचलतो आणि बाकीचे तो फरक वाटून घेतात, ते आम्हांला व्याजाचेच दुसरे नाव वाटते. आणि उसनवार भावाची असो की साडूची, प्राप्तिकर कायद्याप्रमाणे २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीत घेता येत नाही. घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो. चेकने घ्यावे, चेकने फेडावे.

दुकानाचे भांडवल घरात घालण्याबद्दल व्यापारी बांधवांना विशेष सांगावेसे वाटते. पूर्वी इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाचे बिल नव्वद दिवस लांबवून मधल्या काळात पैसा फिरवता येत असे. कर-आकारणी वर्ष २०२४-२५ पासून सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास ४५ आणि नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच मिळतो. दुसरे असे की रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये आला, म्हणजे पुढची काही वर्षे तो बांधकामाच्या हंगामातच पडणार. गांधीनगरातून माल भरायची आणि सेंट्रिंगवाल्याला पैसे द्यायची वेळ एकच येते. ईदचा धंदा गेला तर त्या वर्षीची कमाई गेली. स्लॅब पुढच्या वर्षीही टाकता येतो.

आता दुसरा हिशेब. बहुतेक घरी जागा वडिलांच्या नावावर असते आणि मजल्याचा पैसा कमावता मुलगा घालतो. तो समजतो, वरचा मजला माझा. वडील समजतात, घर माझे. बहिणी काही बोलत नाहीत. १९३७ च्या शरियत कायद्याप्रमाणे आमच्याकडे एकत्र कुटुंबाची मिळकत ही कल्पना नाही. वडील हयात असेपर्यंत मुलाचा घरात कोणताही हक्क नसतो. वडिलांच्या पश्चात, काही लिहून ठेवले नसेल तर, जमिनीसकट वरखाली सगळे घर वारसांत वाटले जाते.

उदाहरण घेऊ. वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. वरच्या मजल्यासह घराची किंमत ४८ लाख, त्यात थोरल्याने घातलेले बारा लाख. पत्नीला आठवा हिस्सा, सहा लाख. उरलेल्या ४२ लाखांत मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणाने प्रत्येक मुलास १४ आणि प्रत्येक मुलीस ७ लाख. थोरल्याला आणि एक पैसाही न घातलेल्या धाकट्याला सारखेच मिळाले. तेच बारा लाख वडिलांना दिलेले कर्ज म्हणून लिहिलेले असते तर वाटणीपूर्वी कर्ज फेडणे शरियतनेच बंधनकारक आहे. मग ३६ लाखांची वाटणी होऊन पत्नीला साडेचार, मुलास साडेदहा, मुलीस सव्वापाच लाख मिळतात. थोरल्याच्या हाती कर्जासह साडेबावीस लाख येतात. एका कागदाने साडेआठ लाखांचा फरक पडला.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत कर्जाचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याचा आदेश आहे. बाप-लेकांत लिहायचे काय, असे म्हणून आमच्यात तो टाळला जातो, आणि पुढे तेच भाऊ कोर्टाच्या तारखांना वेगवेगळ्या रिक्षांतून जातात. लिहिताना एवढे पाहावे की कोर्टात कर्ज मागण्याची मुदत तीन वर्षांची असते, म्हणून त्या मुदतीच्या आत वडिलांच्या सहीने लेखी कबुली घेऊन ती वाढवत राहावी.

पण कर्ज लिहून घेणे हा प्रत्येकाला योग्य मार्ग नव्हे. कर्जे हसनामध्ये मुद्दलच परत मिळते. वीस वर्षांनी त्या मजल्याची किंमत तीस लाख झाली तरी थोरल्याचे येणे बारा लाखच राहील. ज्याला आयुष्यभर वरच राहायचे आहे, त्याने वडिलांकडून वरच्या मजल्याचा हिबा करून घेणे बरे. हिबाला देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी लागतात. तोंडी हिबा वैध असून त्याची नोंदणी सक्तीची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. तरीही आम्ही नोंदणीचाच सल्ला देऊ, कारण प्रॉपर्टी कार्डावर नाव लावताना कागद विचारला जातो. महाराष्ट्रात राहते घर मुलामुलींना बक्षीसपत्राने देण्यास मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, इतर अधिभार दुय्यम निबंधकाकडे विचारावेत. मृत्युपत्रावर मात्र विसंबू नये. आपल्या कायद्यात एका वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही.

आणि इथे बहिणींची गोष्ट येते. एका मुलाला मजला लिहून देताना मुलींना काय दिले, हे वडिलांनी स्वतःला विचारले पाहिजे. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांना त्यांच्या वडिलांनी दिलेल्या देणगीचा प्रसंग बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. इतर मुलांना तसेच दिलेले नाही, हे कळल्यावर रसूलुल्लाह (स.) यांनी त्या देणगीचे साक्षीदार होण्यास नकार दिला. जागेची किंमत वडिलांची आहे, मुलाने फक्त बांधकामाचा पैसा घातला आहे. म्हणून मजला त्याला देताना गच्चीच्या आणि जमिनीच्या किमतीचा अंदाज काढून मुलींना तेवढ्या मानाने रोख, सोने किंवा खालच्या घरात वाटा द्यावा. आमच्या पाहण्यात अशी घरे पुष्कळ आहेत, जिथे बापाच्या चाळिसाव्यापूर्वीच बहिणींसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि त्या माहेर तुटेल या भीतीने सही करतात. भावांचा आपसातला हिशेब पैपर्यंत लिहिणारी माणसेच हे करतात.

ज्या घरात यावर एकमत होत नसेल तिथे मजला चढवूच नये. थोरल्याने ते बारा लाख पदरात धरून वेगळ्या प्लॉटचे किंवा फ्लॅटचे पाहावे. पत्नीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. मात्र मग तो फ्लॅट पत्नीचाच, हे मनाशी धरून चालावे.

मजला चढवायचा ठरलाच तर पहिली कुदळ पडण्यापूर्वी एक बांधीव वही घालावी. पहिल्या पानावर जागा कोणाच्या नावावर, पैसा कोणाचा, तो कर्ज, देणगी की हिश्श्यासाठी, हे लिहून आई-वडील, भाऊ आणि बहिणी या सर्वांच्या सह्या घ्याव्यात. पुढच्या पानांवर सिमेंट, सळई, क्रश सँडच्या ब्रासची आणि मजुरीची बिले तारीखवार चिकटवावीत. काम पुरे झाल्यावर महापालिकेत वाढीव बांधकामाची नोंद करून घ्यावी. घरफाळा वाढेल, पण त्या पावतीवर मजल्याचे वर्ष आणि क्षेत्र दोन्ही नोंदले जाते.