मुक्या जिवाचा शिधा

रानातल्या जिवाला आपले भक्ष्य स्वतः शोधावे लागते, आणि त्या शोधातच काय खावे, किती खावे व काय टाळावे याचा निर्णयही त्याचा तोच करीत असतो. परंतु ज्या क्षणी आपण एखाद्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधतो किंवा मांजरीच्या पिल्लाला चार भिंतींच्या आत वाढवू लागतो, त्या क्षणी तो निर्णय आपण आपल्याकडे घेतलेला असतो. पुढे दहा-पंधरा वर्षे त्याच्या पोटात जे जाईल ते आपल्या हुकमाने जाईल, आणि जे जाणार नाही तेही आपल्याच हुकमाने. पाळीव प्राण्याच्या आहाराचा विचार हौसेच्या सदरात न घालता कर्तव्याच्या सदरात घालावा, असे मला वाटते ते एवढ्यासाठीच. घरी शिजवलेले ताजे अन्न त्याला घालण्याची जी इच्छा हल्ली पुष्कळ घरांतून दिसते ती स्तुत्य आहे यात शंका नाही. पण तिच्यामागे त्या प्राण्याच्या शरीरधर्माचे ज्ञान नसेल, तर त्या मायेनेच त्याला अपाय होऊ शकतो, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

मुक्या जिवांसाठी अन्नातला भाग काढून ठेवण्याचा दस्तुर आपल्याकडे फार जुना आहे. वैश्वदेवानंतर कावळ्याचा, कुत्र्याचा व गाईचा भाग वेगळा निघे. पारशी कुटुंबांतही जेवणापूर्वी कुत्र्याचा घास काढण्याची चाल होती. आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक होतात. मात्र या दस्तुराची एक बाजू सहसा कोणी लक्षात घेत नाही. वाड्याच्या दारात पडून राहणारा तो कुत्रा मोकळा होता. आपण टाकलेल्या पोळीच्या तुकड्याने त्याची भूक भागे, पण आहार पूर्ण होत नसे. तो पूर्ण करण्यासाठी तो उकिरडे धुंडाळी, खाटकाच्या दुकानापाशी ताटकळे, शेतातले उंदीर व घुशी मारी, आणि किनाऱ्यावरच्या गावात मासळी उतरे तिथे हजर राही. आपल्या दातृत्वातली उणीव तो आपल्या पायांनी भरून काढीत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहणाऱ्या कुत्र्याला ती मुभा उरलेली नाही; म्हणून ज्या दूध-पोळीवर आजोबांचा कुत्रा धडधाकट राहिला, त्याच दूध-पोळीवर नातवाचा कुत्रा केस गळून, कातडी खरबरीत होऊन खंगू लागतो, आणि घरातल्यांना त्याचे कारण उमगत नाही.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाचे उत्तर कारखान्याने दिले. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे काढून विकावयास आरंभ केला, आणि पुढे शंभर वर्षांच्या आत, पीठ व मांस एकत्र शिजवून यंत्रातून दाबाने बाहेर काढलेल्या कोरड्या दाण्यांचा प्रघात तेथे सर्वत्र पडला. या दाण्यांची सरसकट निंदा करणे मला न्यायाचे वाटत नाही. चांगल्या प्रतीच्या दाण्यांत प्राण्याला लागणारी सर्व सत्त्वे मोजून घातलेली असतात, आणि ज्या घरी स्वयंपाकाला सवड नाही तेथे त्यांच्याइतका निर्वेध मार्ग दुसरा नाही. पण कारखान्यावर डोळे मिटून भिस्त ठेवण्यासारखी परिस्थितीही नाही. २००७ साली उत्तर अमेरिकेत असंख्य कुत्री व मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन आजारी पडली वा दगावली, तेव्हा चौकशीअंती असे उघडकीस आले, की चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाईन नावाचे द्रव्य मिसळलेले होते. प्रथिनांचे प्रमाण नायट्रोजनवरून मोजले जाते आणि मेलामाईनमध्ये नायट्रोजन विपुल असतो, तेव्हा ही भेसळ परीक्षेत माल कसदार असल्याचे भासवण्यासाठीच केलेली होती. घरच्या स्वयंपाकाकडे लोकांचा ओढा वाढला, त्यात या घटनेचा वाटा मोठा आहे.

तथापि घरचे म्हणजे आपोआप पौष्टिक, हे गृहीत धरणे तितकेच चुकीचे ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक संशोधकांनी, पुस्तकांतून व अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांच्या घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांपैकी ९५ टक्के कृतींमध्ये कोणते ना कोणते आवश्यक सत्त्व कमी भरले, आणि पुष्कळ कृतींत तर अशा उणिवा अनेक होत्या. या कृती लिहिणाऱ्यांत स्वतः पशुवैद्य असलेलेही काही होते, ही गोष्ट विशेष मनावर घेण्यासारखी आहे.

मग उणीव राहते कोठे? कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला, तरी माणसाच्या सहवासात त्याच्या पोटाने मोठी मजल मारलेली आहे. स्टार्च पचवणाऱ्या रसाची जनुके लांडग्यात थोडी आणि कुत्र्यात कितीतरी पट अधिक असल्याचे २०१३ सालीच एका स्वीडिश संशोधनात आढळले. म्हणजे शिजवलेला भात, ज्वारी किंवा नाचणी त्याला परकी नाही. परंतु केवळ धान्यावर त्याची प्रथिनांची गरज भागत नाही, आणि धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचे द्रव्य जस्ताला धरून ठेवीत असल्यामुळे ते शरीराला नीट मिळत नाही. वर सांगितलेली खरबरीत कातडी पुष्कळदा या जस्ताच्या उणिवेचीच खूण असते. उलटपक्षी, कुत्रा मांसाहारी म्हणून त्याला नुसते मांसच घालणाऱ्यांच्या घरी निराळीच आपत्ती ओढवते. मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. रक्तातला कॅल्शियमचा समतोल राखण्यासाठी शरीर मग हाडांतला साठा उपसू लागते, आणि वाढत्या वयाच्या पिल्लाचे पाय वाकतात, प्रसंगी साध्या उडीने हाड मोडते. रोज मांस खाणाऱ्या पिल्लाची हाडे अशी ठिसूळ व्हावीत, हे पशुवैद्याने सांगितले तरी पुष्कळ पालकांचा विश्वास बसत नाही.

एक हिशेब मांडून दाखवतो. दहा किलो वजनाच्या, निरोगी व बेताने हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे ६०० उष्मांक लागतात. वय, हवामान व नसबंदी यांनुसार त्यात बरेच अंतर पडते. शिजवलेले बिनहाडाचे कोंबडीचे मांस २०० ग्रॅम, मऊ शिजलेला भात १५० ग्रॅम, वाफवलेला लाल भोपळा किंवा गाजर १०० ग्रॅम आणि एक लहान चमचा तेल, एवढ्यात हे उष्मांक जवळजवळ भरतात. पण उष्मांक भरले म्हणजे आहार पूर्ण झाला असे नाही. अंड्याची टरफले स्वच्छ धुऊन, उकळून, वाळवून, वस्त्रगाळ दळली, तर त्या भुकटीत वजनाच्या एकतृतीयांशाहून अधिक कॅल्शियम असते. वरच्या शिध्यात तिचा अर्ध्या लहान चमच्याहूनही कमी भाग घातला, की कॅल्शियमची तजवीज होते. यानंतरही जस्त, तांबे, आयोडीन व ई जीवनसत्त्व यांचा प्रश्न उरतोच. आपल्यासारखे ऊन खाऊन ड जीवनसत्त्व तयार करण्याची शक्ती कुत्र्यामांजरांच्या त्वचेत नगण्य असल्यामुळे तेही अन्नातूनच यावे लागते. आठवड्यातून काही वेळा अंडे, थोडी शिजवलेली मासळी आणि बेताचे काळीज घातल्याने बरीच भर पडते, मात्र बाकीची उणीव पशुवैद्याच्या सल्ल्याने पूरक चूर्ण देऊनच भरून काढावी लागते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. काळजाच्या बाबतीत तर हात आखडताच ठेवावा. त्यातील अ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला, तर विशेषतः मांजरीच्या मानेचे मणके एकमेकांना जखडून जातात.

आपल्या स्वयंपाकघरातील काही पदार्थांचा येथे स्पष्ट निषेध केला पाहिजे. कांदा आणि लसूण हे आपल्या फोडणीचे प्राण. पण कुत्र्यामांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यांनी फुटू लागतात, आणि कांदा शिजवल्याने, वाळवल्याने किंवा आमटीत विरघळवल्याने त्याचा हा दोष जात नाही. म्हणून रश्शात कालवलेला भात हे मायेचे जेवण असले तरी त्यांच्यासाठी ते अन्न नव्हे. द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडू शकते, तेव्हा सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्याच्या पुढे करू नये. चॉकलेट तर वर्ज्यच. शिवाय साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्याच्या रक्तातली साखर एकाएकी खाली आणतात. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात व आतडे फाटते. मटणाच्या जेवणानंतर ताटातली हाडे कुत्र्याला घालण्याची जी सार्वत्रिक वहिवाट आहे, ती बंद व्हावी, असे मी आग्रहाने म्हणेन. दूधही पुष्कळ प्रौढ कुत्र्यामांजरांना पचत नाही. आंबट नसलेले दही किंवा ताक थोडे देऊन पाहावे, तेही सोसत असेल तरच.

मांजरीची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि तिच्याबाबत गैरसमजही अधिक. मांजर पूर्णतः मांसाशी प्राण्यांच्या वर्गातले आहे. गाजर-भोपळ्यातील पिवळ्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व घडवणे तिच्या शरीराला साधत नाही, आणि टॉरीन नावाचे, मांस व मासळीत आढळणारे द्रव्य ती स्वतः पुरेसे बनवू शकत नाही. टॉरीन कमी पडले, की डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून ते फुगते. १९८७ साली अमेरिकेत हा हृदयविकार टॉरीनच्या उणिवेमुळे होतो असे सिद्ध झाले, तेव्हा त्या आजारी मांजरांपैकी अनेक जणी नावाजलेल्या कारखान्यांचे अन्न खात होत्या. त्यानंतर कारखानदारांनी आपल्या अन्नातले टॉरीन वाढवले. टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून मांस उकळल्यास ते पाणीही अन्नात घालावे. शाकाहारी कुटुंबांनी या बाबतीत मन घट्ट करून निर्णय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. अंडी, पनीर, डाळी व पूरक सत्त्वे यांच्या आधारे, पशुवैद्याच्या देखरेखीखाली, कुत्रा शाकाहारावर राखता येतो. पण दूधभातावर मांजर राखता येत नाही, आणि घरात मासळी-मांस येऊ द्यावयाचे नसेल तर मांजर न पाळणे हाच तिच्यावरचा उपकार होय. कोकण-गोव्याकडच्या मांजरी त्या मानाने सुखी. मात्र त्यांना घालावयाची मासळी शिजवून, काटे काढून द्यावी, कारण काही जातींच्या कच्च्या मासळीत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, आणि खारवलेल्या सुक्या मासळीतले मीठ तर त्यांच्या मापाने फारच होते.

घरच्या जिवाची ही जबाबदारी ज्याने मनापासून पत्करली, त्याला दाराबाहेरच्या जिवांकडे पाठ फिरवता येत नाही. आणि या बाबतीत मुंबई शहराचे दप्तर अभिमान वाटावा असे आहे. १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारच्या अमलदारांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम इनामाच्या लालचीने सुरू केली, तेव्हा पारशी समाजाने तिला उघड विरोध केला, इतर समाजही त्यात सामील झाले आणि शहराचा व्यवहार बंद पडला. त्या दंग्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, शेठ मोतीशा व जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारी मंडळी मुंबईत स्थापन झाली. तिच्या परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात जनावरांवर आजही उपचार होतात, आणि त्याच परिसरात १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या रक्षणाचा मसुदा मांडला, आणि सरकारने स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. त्याचे फळ म्हणजे १९६० चा कायदा. पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी किंवा आसरा न देणे हा या कायद्याने गुन्हा ठरवलेला आहे. पण पहिल्या गुन्ह्याची शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड, एवढीच. पन्नास रुपयांत आज कुत्र्याच्या एका वेळच्या जेवणाचे मांसही येत नाही. ही रक्कम त्या काळी ठीक होती. आज ती जैसे थे राहणे लज्जास्पद आहे, आणि प्राणिप्रेमी नागरिकांनी आपल्या खासदाराकडे तगादा लावण्यास यासारखे दुसरे कारण नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना अन्न घालणाऱ्यांविषयी शहरोशहरी तंटे चालू आहेत, आणि दोन्ही पक्षांचे काही म्हणणे रास्त आहे. जिन्याच्या तोंडाशी किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी अन्न टाकल्याने लोकांच्या मनात भीती व चीड उत्पन्न होते, आणि तिचे प्रायश्चित्त शेवटी कुत्र्यालाच भोगावे लागते. भटक्या कुत्र्यांविषयीच्या २०२३ च्या सरकारी नियमांत म्हणूनच, गृहसंस्थांनी प्रवेशद्वार, जिने व क्रीडांगण टाळून अन्नासाठी जागा व वेळ ठरवून द्यावी, अशी तरतूद केलेली आहे. ठरलेल्या जागी ठरल्या वेळी अन्न घालण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. जो माणूस रोज अन्न घालतो त्याच्याजवळ कुत्रा निर्धास्तपणे येतो. नसबंदी व लसीकरणासाठी पालिकेची किंवा संस्थेची गाडी येते तेव्हा त्याला न मारता, न पळवता हवाली करणे फक्त याच माणसाला शक्य असते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज जवळजवळ नाही, आणि लस तर स्वस्त व खात्रीची आहे. तेव्हा रस्त्यावर भात-कोंबडी घेऊन जाणाऱ्याने आपल्या टापूतील प्रत्येक कुत्र्याची नोंद एका वहीत ठेवावी. नसबंदीची खूण म्हणून कोणाचा कान कापलेला आहे, लस कोणाला केव्हा दिली, पुढची केव्हा द्यावयाची, हे तीत लिहावे, आणि पालिकेच्या पशुवैद्यकीय खात्याने विचारताच ती वही पुढे करता यावी इतकी ती चोख असावी.