आट्यांचा जुना कॅमेरा : पारख आणि निगा

आम्ही पेशाने कापड व्यापारी. चामोर्शीच्या बाजारात थान उलगडण्यात आणि मीटर मारण्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा कॅमेऱ्यावर लिहिण्याचा आमचा काय अधिकार, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. अधिकार एवढाच की, या मालात आम्ही एकदा फसलो आहोत, आणि आमच्यानंतर घरातले दुसरे कोणी फसता फसता वाचले आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमचा भाचा एक वस्तू रुमालात गुंडाळून दुकानी आला. तो गावातच फोटो स्टुडिओ आणि झेरॉक्सचे काम करतो. रुमालात सोनेरी रंगाचा जुना कॅमेरा होता. माथ्यावर 'लायका' हे नाव आणि दुसऱ्या महायुद्धातील जर्मन फौजेचे चिन्ह कोरलेले. विकणाऱ्याने साठ हजार मागितले होते आणि मोठ्या शहरात याचे दोन लाख सहज येतील, असे सांगितले होते. भाच्याजवळ नव्या प्रिंटरसाठी जमविलेले पैसे होते. "मामू, उद्यापर्यंत जबाब द्यायचा आहे," तो म्हणाला.

आम्ही काही बोललो नाही. गल्ल्याखालच्या कप्प्यातून आमचा कॅमेरा काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला. जणू जुळे भाऊ! आमचा आम्ही १९९७ साली मुंबईच्या एका जुन्या बाजारातून 'असली लायका' म्हणून साडेचार हजारांना आणला होता. तो रशियन झोर्की निघाला.

गेल्या काही वर्षांत शहरांतील तरुण पुन्हा फिल्मच्या कॅमेऱ्याकडे वळले आहेत. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यांना गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाईक आहे तेथे नकली मालही आहे. म्हणून आमचा तजुर्बा येथे देत आहोत.

हा माल मूळचा कोणता?

जर्मनीतील वेट्झलर गावी लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाच्या कारागिराने सिनेमाच्या ३५ मि.मी. फिल्मवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. तो १९२५ साली 'लायका' नावाने बाजारात आला. १९३० पासून त्याची लेन्स आट्यांवर फिरवून काढता-घालता येऊ लागली. या आट्यांचा व्यास ३९ मि.मी. असतो. १९३२ च्या लायका २ मध्ये लेन्सशी जोडलेला अंतरमापक आला. यालाच रेंजफाइंडर म्हणतात. खिडकीतून पाहिले की मधोमध वस्तूची दोन चित्रे दिसतात. लेन्स फिरवून दोन्ही एकावर एक आली, की फोकस बरोबर झाला असे समजावे.

या कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे आवाज कमी आणि आकार लहान. फ्रान्सचे छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची छायाचित्रे घेतली, ती लायकावरच.

लायकाचा माल पाहून इतरांनीही तसा माल काढला. युक्रेनमधील खारकोव येथे बेघर मुलांना हुन्नर शिकविणारी एक वसाहत होती. तेथील मुलांच्या हातून १९३४ साली 'फेड' कॅमेरा निघू लागला. १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात 'झोर्की' तयार होऊ लागला. युद्धानंतर जर्मन पेटंटचे संरक्षण उरले नाही, तेव्हा जपानच्या कॅननसह अनेकांनी आट्यांचे कॅमेरे काढले. लायकाने स्वतः १९५४ च्या एम-३ पासून आटे सोडून खटक्याची बैठक घेतली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फेड किंवा झोर्की हा खराब माल नव्हे. मांजरपाट हे मांजरपाट म्हणून उत्तम कापड आहे. रेशीम म्हणून विकले, तरच ती फसवणूक होते.

असली की नकली?

सोव्हिएत संघ १९९१ साली मोडल्यानंतर फेड आणि झोर्कीची मूळ अक्षरे घासून त्यांवर 'लायका' कोरण्याचा धंदा जोरात चालला. त्याच्या खुणा अशा :

१) सोनेरी मुलामा, रंगीत चामडे, फौजेची चिन्हे. लायकाने सोनेरी कॅमेरे काढले होते, पण ते फार थोडे. असा नग खेड्यापाड्यांतून फिरत येईल, ही गोष्ट मनाला पटत नाही. जेथे भपका जास्त, तेथे शंका जास्त घ्यावी.

२) लेन्स फिरवून काढावी आणि तोंडातून आत पाहावे. वरच्या बाजूस एक लहान भाग पुढे आलेला असतो. लेन्स किती मागे-पुढे झाली, हे तोच अंतरमापकाला कळवितो. लायकात तेथे लहानसे गोल चाक असते. फेड आणि झोर्कीत चपट्या बोटासारखा, थेंबाच्या आकाराचा तुकडा असतो. अक्षरे कोरणारा माथा बदलतो, हे बोट बदलत नाही. भाच्याच्या हातातील कॅमेऱ्यात बोटच होते.

३) लायकाच्या क्रमांकांच्या याद्या प्रसिद्ध आहेत. माथ्यावरचा क्रमांक आणि कॅमेऱ्याची बनावट यांचा मेळ बसतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

घेताना काय तपासावे?

आता आमच्या धंद्याची गोष्ट. या बहुतेक कॅमेऱ्यांचे शटर कापडाचे असते! रबर चढविलेल्या काळ्या कापडाचे दोन पडदे एकामागून एक धावतात आणि त्यांच्या मधल्या फटीतून प्रकाश फिल्मवर पडतो. आपण थान उजेडासमोर धरून भोक, विरळ जागा पाहतो, तसेच येथे करावे. झोर्की-४, फेड-२ यांची पाठ निघते. लेन्स काढून, पाठ काढून, कॅमेरा दिव्यासमोर धरावा. एकदा चावी न देता आणि एकदा चावी देऊन, म्हणजे दोन्ही पडदे तपासले जातात. सुईच्या टोकाएवढे भोक असले, तरी प्रत्येक फोटोवर डाग येईल. जुन्या लायकात रोल तळातून घालतात, पाठ उघडत नाही. तेथे एक रोल खर्च करून पाहणे बरे.

कॅननच्या ७ नंबरच्या (१९६१) कॅमेऱ्यात पडदा पोलादी पत्र्याचा आहे. तो जळत नाही, पण बोट लागले की सुरकुततो.

पुढे अंतरमापक. दूरच्या टॉवरवर किंवा चंद्रावर नजर धरून लेन्स अनंतावर न्यावी. दोन्ही चित्रे तंतोतंत जुळली पाहिजेत, आडवीही आणि उभीही.

मग सर्व वेग चालवून पाहावेत. एक सेकंदावर शटर मधेच अडखळले, तर आतले ग्रीस सुकले आहे असे समजावे. फेड-२ मध्ये असे संथ वेग नाहीतच, म्हणून त्यात बिघडण्यासारखेही कमी. नवशिक्याने तोच किंवा झोर्की-४ घ्यावा, असे आमचे मत आहे.

लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर बुरशी लागली आहे. आणखी एक सापळा : झेनित नावाच्या आरशाच्या रशियन कॅमेऱ्याच्या काही लेन्सचे आटेही ३९ मि.मी.चेच असतात. त्या या कॅमेऱ्यावर बसतात, पण फोकस होत नाहीत. स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नये.

वापर कसा करावा?

रशियन कॅमेऱ्यात आधी चावी द्यावी, मगच वेग बदलावा. उलट केल्यास यंत्र बिघडू शकते. जुन्या लायकात रोलची जीभ सुमारे १० सें.मी. लांब कापावी लागते. फिल्म पुढे घेताना गुंडाळण्याची घुंडीही फिरते की नाही, ते पाहावे. फिरत नसेल, तर फिल्म अडकलेली नाही आणि आपण रिकामाच कॅमेरा चालवीत आहोत.

लाइट मीटर नसला, तरी अडत नाही. १०० च्या फिल्मवर १/१२५ किंवा जवळचा वेग ठेवावा. स्वच्छ उन्हात अॅपर्चर १६, विरळ ढग असता ११, ढगाळ असता ८, झाडाच्या किंवा मांडवाच्या सावलीत ४. शंका वाटली, तर निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त द्यावा, कमी नको.

खिडकी आणि लेन्स वेगळ्या आहेत, हे विसरू नये. माणूस जवळ असेल, तर डोक्यावर थोडी जागा सोडावी. आणि लेन्सचे झाकण काढावे! झाकण लावलेले असले, तरी खिडकीतून सर्व स्वच्छच दिसते.

खर्चाचाही हिशेब ठेवावा. ऊटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म आता मिळत नाही. रोल परदेशी आणि रंगीत रोलची धुलाई मोठ्या शहरात. ३६ फोटोंत प्रत्येक क्लिकला पैसे पडतात.

आपल्या हवेत निगा

आपल्याकडचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. झाकण न लावलेला कॅमेरा उन्हात तोंड वर करून ठेवला, तर लेन्स भिंगाचे काम करते आणि कापडी पडद्याला क्षणात भोक पाडते. आमच्या झोर्कीचा पडदा असाच गेला, आणि तो दोष विकणाऱ्याचा नव्हे, आमचा होता. म्हणून झाकण लावावे, अॅपर्चर १६ वर ठेवावे. पावसाळ्यात चामड्याच्या खोळीत ठेवू नये, ती ओल धरते आणि काचेला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावे. महिन्यातून एकदा काढून सर्व वेग चालवावेत.

भाच्याने तो सौदा मोडला. विकणारा लगेच आठ हजारांवर आला आणि म्हणाला, "घेऊन ठेवा, तुम्हालाही कोणीतरी गिऱ्हाईक भेटेलच." भाच्याने नाही म्हटले. प्रिंटर आला, आणि उरलेल्या पैशांत झोर्की नाव लावलेला एक सरळ झोर्की-४ ही आला. या महाशिवरात्रीला तो मार्कंड्याच्या यात्रेत गेला आणि पहिला रोल काढून आणला. ३६ पैकी ११ फोटो काळे आले, झाकणामुळे! बाकीचे स्टुडिओत लावले आहेत.

आमच्या कॅमेऱ्यालाही नंतर एक शौकीन गिऱ्हाईक आले. त्यांनी तो लायका समजून भाव बोलला. आम्ही लेन्स काढून त्यांना ते बोट दाखविले, पडद्याचे भोकही दाखविले. ते घेतल्याशिवाय गेले. कॅमेरा अजून गल्ल्याखाली आहे. कोणा व्यापारी बांधवाला अशी वस्तू घ्यायची असेल, तर दुकानी यावे, शेजारी ठेवून पाहावी आणि मगच पैसे मोजावेत.